न लावलेला कौल

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. टाळायला फारसे कष्ट पडले नाहीत, कारण मला कुणी विचारतच नव्हतं. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत, सासरवाडीला, नातेवाइकांत एकच हकिकत पक्की झाली होती. आमच्या हिला शेवटची वर्षं माहेरच्या घरात काढायची होती, पण देवीने डावा कौल दिला, म्हणून ती गेली नाही. हिच्या तेराव्याला जेवायला आलेल्या बायकाही तेच एकमेकींना सांगत होत्या. "देवीचा शब्द मोडला नाही हो बिचारीने." मी पंक्तीत ताक वाढत होतो. ऐकलं आणि पुढच्या पानाकडे वळलो.

खरं असं आहे की देवीने काही म्हटलंच नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. विचारायचं काम माझ्याकडे होतं.

आता आमची इमारत पाडून नवी होणार आहे. इतकी वर्षं नुसत्या सभा व्हायच्या, आता खरंच घरं रिकामी करायची आहेत. नव्या इमारतीत दोन लिफ्ट असणार म्हणतात. सामान बांधताना हिची व्हीलचेअर मधल्या खोलीत आणून ठेवली आहे. कुणाला तरी द्यायची आहे. ती जायच्या आत हे लिहून टाकतो.

हिला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. मी इथल्याच एका छोट्या कारखान्यात लेथवर सुरुवात करून सुपरवायझर झालेला माणूस. निवृत्तीनंतर सकाळी बागेत फिरायचं, तिथल्या मंडळींबरोबर चहा, मग पेपर, असं मनाशी ठरवून ठेवलं होतं. हिची डावी बाजू गेली. बोलणं मात्र शाबूत राहिलं. "पाय नेला आणि तोंड ठेवलं देवाने," ती म्हणायची, "तुमची चूक काय होती देव जाणे."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. जिना असा की वळणावर व्हीलचेअर वळतच नाही. हिला खाली न्यायचं म्हणजे प्लास्टिकची खुर्ची घ्यायची, तिला चादरीने खुर्चीला बांधायचं आणि चार माणसं गोळा करायची. वॉचमन, समोरच्या ब्लॉकमधले दोघे, खालच्या किराणा दुकानातला एखादा. सगळे मदतीला यायचे, नाही असं नाही. पण दवाखाना सोडून दुसऱ्या कशासाठी चार माणसांना हाक मारायची हिंमत होत नाही. जिन्यावरून खुर्ची डुलत उतरायला लागली की ही उजव्या हाताने कठडा चाचपत म्हणायची, "हळू रे बाबांनो, विसर्जनाला काढलंय मला. वाजवा तरी काहीतरी." सगळे हसायचे. खाली आल्यावरही तिने चादरीची गाठ मुठीत घट्ट धरलेली असायची.

घरात तिची जागा स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी. समोरच्या इमारतीचे पाइप, वाळत घातलेले कपडे आणि वर आभाळाची पट्टी. समुद्रकाठच्या गावात वाढलेली बाई ती. पायरी उतरली की अंगण आणि अंगणाच्या टोकाला खाडी, असं तिचं घर. तिथे धाकटा भाऊ राहत होता. झटका आल्याच्या दुसऱ्या वर्षी त्याने उंबऱ्यापासून अंगणापर्यंत सिमेंटचा उतार करून घेतला, संडास घरात घेतला आणि फोन केला. "ताये, ये गो हय. भावजींकाय घेवन ये. हय उंबऱ्याभायर तरी येशीत."

तिला जायचं होतं. त्या दिवसापासून ती दुसरं काही बोलेना.

मी कारणं सांगायचो. तिथे मोठा दवाखाना लांब, फिजिओथेरपीवाली बाई कुठून आणणार, रात्रीबेरात्री काही झालं तर? ही कारणं खोटी नव्हती. पण माझं खरं कारण वेगळं होतं. मला मेव्हण्याच्या ओसरीवर म्हातारा व्हायचं नव्हतं. मुलुंडमध्ये मी सुपरवायझर होतो, सोसायटीचा जुना खजिनदार होतो, बागेतल्या बाकावर माझी ठरलेली जागा होती. तिथे मी कोण? ताईचो घोव, ताईचा नवरा, एवढंच. सकाळी उठून करायचं काय? आणि आणखी एक गोष्ट होती, ती तर मी स्वतःशीही उच्चारत नव्हतो. हिचं सगळं मीच करत होतो, अंघोळीपासून वेणीपर्यंत, आणि त्यातून सकाळचा एक तास बागेत सुटायचो. तेवढ्या तासावर मी जगत होतो.

शेवटी तिनेच तोड काढली. तिच्या माहेरच्या देवीचं देऊळ गोव्यात आहे. त्या घरातले सगळे मोठे निर्णय देवीला कौल लावून व्हायचे, लग्न, जमीन, विहीर. देवीच्या उजव्या-डाव्या बाजूला कौलाचं काहीबाही चिकटवतात, पुजारी प्रश्न सांगतो, आणि उजवीकडचं आधी पडलं तर हो, डावीकडचं आधी पडलं तर नाही. लग्नानंतर मी एकदाच त्या देवळात गेलो होतो आणि तेव्हाही चपला सांभाळत बाहेर बसलो होतो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता.

"देवीला विचारू," ती म्हणाली. "उजवा आला तर तुम्ही मुकाट चलायचं. डावा आला तर मी पुन्हा गावाचं नाव काढणार नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. ही तिसऱ्या मजल्यावर, देवी गोव्यात. कबूल म्हणायला माझं काय जात होतं?

मग मुलाने आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला क्रूझचं तिकीट काढलं. तो परदेशात असतो. आईला बाहेर काढता येत नाही याची टोचणी त्यालाही होती. जहाजावर व्हीलचेअरची सगळी सोय असते, त्याने फोनवर सांगितलं. मुंबईहून निघायचं, एक दिवस गोव्यात थांबायचं आणि परत. गोवा म्हटल्याबरोबर हिने माझ्याकडे बघितलं. दुसऱ्याच दिवशी ओटीचं सामान काढायला लावलं. हिरवं खणाचं कापड, हळदकुंकू, तांदूळ, सुपारी. नारळ निघायच्या आदल्या दिवशी आणायचा, हलवून बघून.

बंदरावर व्हीलचेअर घेऊन जाणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. टॅक्सी एका दरवाजापर्यंतच. तिथून आतला रस्ता जुना, मध्ये रुळांच्या खाचा, पुढची छोटी चाकं त्यात अडकायची. मी खुर्ची मागे कलती करून मोठ्या चाकांवर ढकलत होतो, गळ्यात बॅग, घाम नाकावरून ओठात. आत इमारत चकाचक होती, उतार वगैरे सगळं होतं, पण उतारावर लोकांनी चाकांच्या बॅगा लावून ठेवल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे बघून विचारलं, "अंकल, मॅडम दोन-चार पावलं चालू शकतील का?"

"मॅडमला विचार ना," ही म्हणाली. "मॅडम इथेच आहेत."

सामान तपासणीत तिची पिशवी अडली. तपासणीवरची बाई नारळ हातात घेऊन उभी.

"मावशी, बाहेरचं खाणं आत नेता येत नाही."

"खाणं कुठंय? ओटी आहे."

"कोणाची?"

"देवीची. तुझी पण भरते, पण मग मला दुसरा नारळ आणावा लागेल, आणि हे आता रस्त्यापर्यंत पळणार नाहीत."

ती बाई हसली. इकडे-तिकडे बघून तिने नारळ कपाळाला टेकवला आणि पिशवीत परत ठेवला. "जाऊ दे. माझ्यासाठी पण हात जोडा."

जहाजावर चढायला लांब पूल होता, त्याला तिथे सगळे गँगवे म्हणत. जहाजावरच्या दोघांनी खुर्ची उलटी फिरवली आणि मागे मागे खेचत वर नेली. उतारावर खुर्ची उलटी न्यायची असते, म्हणजे बसलेलं माणूस पुढे पडत नाही. त्यामुळे सगळे जहाजाकडे तोंड करून चढले आणि ही एकटी किनाऱ्याकडे तोंड करून. पिशवी मांडीवर घट्ट धरून ती खालच्या लोकांना उजवा हात हलवत होती. ओळखीचं कुणी नव्हतं.

आत गेल्यावर आमची घरची खुर्ची खोलीच्या दारातच अडली. दार अरुंद. जहाजावरची एक बारीक खुर्ची मिळाली, तीही बाथरूमच्या उंबऱ्याशी थांबायची. तिथून पुढे मी तिला काखेत हात घालून उचलायचो, घरी उचलतो तसंच. खोलीला खिडकी नव्हती. मुलाने स्वस्तातली घेतली होती असं नाही, त्याला बहुधा कळलंच नव्हतं. दिवा मालवला की दिवस का रात्र समजायचं नाही. लिफ्टपाशी गेलो की धडधाकट लोक आधी आत शिरायचे आणि दार लागताना "सॉरी" म्हणायचे. जाड गालिच्यात चाकं रुतायची. पहिल्याच संध्याकाळी माझ्या तळहातांना फोड आले. मी मनात म्हटलं, घरातला तुरुंग उचलून समुद्रावर आणलाय, एवढंच.

ती मात्र खूश होती. डेकवर वारं लागलं की डोळे मिटून बसायची. "वास बघा," म्हणायची. मला डिझेलचा वास यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गोव्याच्या बंदराला लागलेले होतो. मी तिला डेकवर, किनाऱ्याच्या बाजूच्या कठड्याशी नेलं. खाली गँगवे धक्क्याला लावलेला होता, चांगलाच उभा. लोक कठड्याला धरून जपून उतरत होते.

"आज तिथी काय?" तिने विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "द्वादशी. बारा पाऊण नऊ. नऊला पुरी भरती."

हा हिशेब ती मुलुंडमध्येही करायची. तिच्या गावात लहान मुलांनाही येतो. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. पाऊणकीचा पाढा त्यांनी शाळेत नाही, खाडीवर पाठ केलेला.

"आता पाणी वर आहे म्हणून जहाज वर आलंय," ती मला समजावत होती. "तीन वाजेपर्यंत पाणी उतरेल. मग बघा, हीच शिडी सपाट होते की नाही. तेव्हा जाऊ. जहाज सुटणार रात्री. देऊळ तासाभरावर. सहज होईल."

मी खाली चौकशी करायला गेलो. काउंटरवरच्या माणसाने अगदी तेच सांगितलं, फक्त तिथी न सांगता. सकाळी गँगवे फार चढा असतो, तेव्हा व्हीलचेअर नेत नाही. दुपारी पाणी उतरलं की दोन माणसं देऊ. बंदराच्या आत चालायला परवानगी नाही, तेव्हा दरवाजापर्यंत व्हॅन नेईल, तिला मागे फळी आहे, खुर्ची सरळ वर चढते. बाहेर टॅक्सी मिळेल. "फक्त तासभर आधी आम्हाला सांगा, सर."

सगळं ठरल्यासारखंच होतं. मी लिफ्टपाशी येऊन उभा राहिलो. लिफ्ट आली, भरलेली, गेली. पुन्हा आली, गेली. माझ्या डोळ्यांपुढे ते देऊळ आलं, त्याच्या पायऱ्या, पुजारी, हिचा वर केलेला चेहरा, आणि उजवा कौल. कौल उजवाच पडणार याची मला का कोण जाणे खात्री वाटत होती. ज्या माणसाचा देवीवर विश्वास नाही, त्याने तिला घाबरायचं कारण नव्हतं. पण मी घाबरलो होतो. तिसऱ्यांदा लिफ्ट आली तेव्हा मी आत शिरलो.

"नाही नेत," मी तिला सांगितलं. "व्हीलचेअरला परवानगीच नाही इथे. मालाचं बंदर आहे. नियम आहे त्यांचा."

"दुपारी पण नाही?"

"दुपारी पण नाही."

"तुम्ही सांगितलं नाही, पाणी उतरेल म्हणून?"

"अगं, ते पाण्याचं बघत नाहीत. नियम म्हणजे नियम."

तिने खाली गँगवेकडे एकदा बघितलं. मग मांडीवरची पिशवी माझ्याकडे सरकवली. "तुम्ही जा मग. माझ्या नावाने ओटी द्या पुजाऱ्याकडे. आणि प्रश्न नीट सांगा. माझं माहेरचं नाव सांगा, नाहीतर देवीला कळायचं नाही कोण विचारतंय." मग म्हणाली, "मला खोलीत नका ठेवू. त्या बिनखिडकीच्या डब्यात नको."

मी तिला डेकवर ठेवलं, चहावाल्या मुलीला लक्ष ठेवायला सांगितलं आणि उतरलो.

व्हॅन बंदराच्या दरवाजाशी सोडून गेली. टॅक्सीवाले जमले. एकाने देवळाचं नाव ऐकून दार उघडून धरलं. मी त्याला म्हणालो, जरा थांब, आलोच. आणि चालायला लागलो.

मला खरं सांगायचं आहे म्हणून हेही सांगतो. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. हात मोकळे होते. रस्ता खराब आहे की चांगला हे बघायची गरज नव्हती. फुटपाथवरून उतरावंसं वाटलं, उतरलो. एका खानावळीत बसून मासे खाल्ले, सावकाश, काटे काढत. कुणाला भरवायचं नव्हतं. पिशवी शेजारच्या खुर्चीवर ठेवली होती. तिच्यातून हळदीचा वास येत होता. मी ती खाली पायाशी ठेवली.

जेवून उठलो तेव्हाही वेळ होता. टॅक्सी केली असती तर जाऊन येता आलं असतं. मी समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्याने चढण चढलो. वळणावर झाडाखाली कसली तरी घुमटी होती, शेंदूर लावलेला दगड, पणती. शेजारी एक बाई फुलं आणि पेढे विकत होती. मी ओटी त्या दगडापुढे ठेवली. नारळ, खण, तांदूळ, सगळं. देव कोणता ते विचारलंही नाही. बाईकडून पेढे घेतले आणि दोन फुलं.

त्या वळणावरून खाली बंदर दिसत होतं. आमचं जहाज पांढरंशुभ्र, आणि त्याच्या पोटातून निघालेला गँगवे धक्क्यावर टेकलेला, जवळजवळ आडवा. माझ्या देखत एक व्हीलचेअर त्यावरून खाली आली. एक म्हातारी, मागे तिची सून की मुलगी. दोन माणसं नुसता हात लावून बाजूने चालत होती. खुर्ची सरळ तोंडाने उतरली, उलटी करायची गरजच पडली नाही. फळीची व्हॅन उभी होती. खुर्ची तिच्यात चढली आणि व्हॅन निघून गेली.

मी खाली आलो, उन्हं कलल्यावर जहाजावर परतलो. ही अजून डेकवरच होती. पण मी जिथे ठेवलं होतं तिथे नाही. चहावाल्या मुलीला सांगून तिने खुर्ची पुढे घेतली होती, कठड्याच्या अगदी टोकाला. तिथून खाली पाहिलं की गँगवेच दिसायचा. दुसरं काही नाही.

"लावला कौल?" तिने विचारलं.

"लावला."

"काय म्हणाली?"

"डावीकडचं फूल पडलं."

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "फूल?"

"हो. डावीकडचं. तेच आधी पडलं."

"तुम्ही बघितलंत? स्वतः?"

"समोरच उभा होतो."

तिने पुन्हा खाली पाहिलं. पाणी धक्क्याच्या शेवाळलेल्या दगडांच्या खाली गेलेलं होतं. "बरं," ती म्हणाली. "पडलं तर पडलं."

मी पेढा तिच्या हातावर ठेवला. तो तिने कपाळाला लावला नाही. मला वाटलं एका हाताने जमलं नसेल. रुमालात गुंडाळून ठेवला, म्हणाली नंतर खाते. खाल्ला की नाही ते मला माहीत नाही.

त्यानंतर तिने शब्द पाळला. गावाचं नाव पुन्हा काढलं नाही. भावाचा फोन आला की त्याला सांगायची, "देवीन डावो दिल्यान रे. मगे कसा येवचा?" तो म्हणायचा, पुन्हा लावू, पुढच्या वर्षी लावू. ती म्हणायची, "एकदा विचारल्यावर परत विचारूचा नसता." मी शेजारी पेपर धरून बसलेला. मुलालाही तिने तसंच सांगितलं, शेजारणींनाही. माझं खोटं ती माझ्यापेक्षा चांगलं सांभाळत होती, आणि मला वाटायचं तिने ते खरं मानलंय.

मी सकाळी बागेत जायचो. पण पहिल्यासारखं व्हायचं नाही. बाकावर बसलो की तळहातांना खुर्चीच्या मुठी जाणवायच्या. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, मुलुंड, बाक, तो एक तास, आणि त्यातल्या कशातही मला बसवेना. घरी ती खिडकीपाशी. कधी विचारायची, "आज कोणती तिथी?" मी कॅलेंडर बघून सांगायचो. ती ओठातल्या ओठात पाऊणकी करायची आणि पाइपांकडे बघत म्हणायची, "आता आली असेल अंगणापर्यंत." बस्स, एवढंच. याला गावाचं नाव काढणं म्हणता येत नव्हतं.

तिला सांगायचं मी अनेकदा ठरवलं. वेणी घालताना ठरवायचो, कारण तेव्हा तिची पाठ माझ्याकडे असायची. "अगं ऐक," म्हणायचो. ती "हं" म्हणायची. केसांत कंगवा थांबायचा. "चहा टाकू का?" मी विचारायचो. एकदा मात्र ती म्हणाली, "किती वेळा चहा पाजाल? एवढं काय ते बोला." मी हसलो. तीही हसली. मी वेणीला रबर लावलं.

शेवटची दोन वर्षं ती दवाखान्याशिवाय एकदाही खाली उतरली नाही. चादरीने बांधून नेताना विसर्जनाचा विनोदही करेनाशी झाली. गेली ती घरातच, सकाळी. त्या दिवशीही जिन्याच्या वळणावर चार माणसांना तिला कलती करावी लागली.

वर्षश्राद्ध झाल्यावर मेव्हणा म्हणाला, "भावजी, ताईची ओटी देवीक देवया. तिका आपल्या हातान भरूक गावली नाय." मी गाडीत त्याच्या शेजारी बसून त्या देवळात गेलो. या वेळी चपला काढून आत गेलो. आमच्या आधी एक जोडपं कौल लावायला बसलेलं होतं. पुजाऱ्याने वाटीतले भिजवलेले तांदूळ घेतले आणि एकेक दाणा देवीच्या उजव्या-डाव्या खांद्यांवर चिकटवत गेला.

मी मेव्हण्याला हळूच विचारलं, "फुलं नाही लावत?"

"फुला?" तो माझ्याकडे बघायला लागला. "आमच्या देवीचो कौल तांदळाचो. फुलाचो कधी नायच. पोरांकाय म्हायत आसता ह्या."

समोर एक दाणा सुटला आणि खाली पडला. उजवीकडचा. त्या जोडप्यातली बाई रडायला लागली, आनंदाने.

म्हणजे मी "फूल" म्हणालो त्या क्षणी तिला कळलं होतं. त्याच्याही आधी, कठड्यावरून ती दुसरी खुर्ची सपाट गँगवेवरून उतरताना तिने पाहिली, तेव्हा अर्धं कळलं होतं. तिने विचारलं होतं देवीला, आणि उत्तर मिळालं होतं माझं. खुर्ची ढकलणाऱ्या माणसाने नाही म्हटलंय, मग आणखी कुणाला कशाला विचारायचं, असं तिने धरलं असेल का? की मी स्वतःहून सांगेन म्हणून ती वाट बघत होती, प्रत्येक वेणीच्या वेळी? मला माहीत नाही. हे तिलाच विचारायला हवं होतं. मॅडम इथेच होत्या.

मेव्हण्याने विचारलं, "भावजी, तुमका काय विचारूचा आसा काय देवीक?" मी नाही म्हणालो. त्यालाही सांगितलं नाही. त्याच्या अंगणातला तो सिमेंटचा उतार मी त्या संध्याकाळी पाहिला. कोपऱ्यांवर शेवाळ आलं होतं. त्यावरून एकही चाक गेलेलं नव्हतं.

खुर्ची समोर आहे. उद्या कुणीतरी न्यायला येणार आहे. मी मागे जाऊन उभा राहिलो, वेणी घालताना राहायचो तसा. मुठींवर हात ठेवले. घरात कुणी नाही, चहाचं निमित्तही नाही. तरी शब्द मोठ्याने निघत नाहीत, म्हणून इथे लिहितो.

अगं ऐक. दुपारी शिडी सपाट होती. माणसं द्यायला ते तयार होते. मी तुला नेलं नाही, आणि देवळातही गेलो नाही. ओटी मी रस्त्यातल्या कुठल्यातरी दगडापुढे ठेवली. तुला तुझ्या अंगणात जायचं होतं आणि मी तुला खिडकीपाशी बसवून ठेवलं. माझं चुकलं.